हीटर लावल्यावर चार अंश

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वायरिंगवालीने बर्फाचा चुरा आणि पाणी भरलेला थर्मास डाव्या पंखाखाली धरला आणि तापमानाचा सेन्सर त्यात बुडवला. कॉकपिटमधल्या मीटरवर शून्य आलं. सकाळपासून तिसऱ्यांदा शून्य.

हा सेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढी धातूची खुंटी. बाहेरची हवा किती गार आहे, एवढंच ती सांगते; पण ढगात शिरायचं की माघारी फिरायचं, हे वैमानिक त्या आकड्यावर ठरवतो. चार आसनांच्या या विमानात हा सेन्सर सहा आठवड्यांपूर्वी तिनेच बसवला होता. वायर तिने ओढली, चाचणी तिने घेतली, नोंदवहीत सहीही तिचीच.

चार दिवसांपूर्वी हेच विमान घेऊन तिचा धाकटा दीर डोंगरापलीकडच्या इस्पितळाची औषधं पोचवायला निघाला होता. वाटेत ढग लागला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मीटर अधिक तीन दाखवत होतं आणि पंखावर बर्फ धरत होता. तो माघारी फिरला. विमान सुखरूप उतरलं, औषधं मात्र पोचली नाहीत. मीटर तपासलं तर ते चोख निघालं. मग अर्थ एकच उरत होता: पठ्ठ्याने उण्याचं अधिक वाचलं. डोंगरापलीकडची फेरी त्याच्याकडे ठेवायची की काढून घ्यायची, हे हँगरचे प्रमुख आज दुपारी बारा वाजता ठरवणार होते.

घरी सासूबाईंनी तिला एवढंच विचारलं होतं, "तुझं यंत्र खरं की माझा मुलगा?"

"शोधते," ती म्हणाली होती.

"वहिनी, परत शून्यच," दीर कॉकपिटमधून ओरडला. "म्हणजे मी खोटारडा ना?"

"शून्य म्हणजे शून्य. आकडा वाच, गाऱ्हाणं नको."

"दादाशीपण अशीच बोलतेस?"

"तुझ्या दादाला आकडा विचारला तर तो आकडाच सांगतो."

तिने थर्मास खोक्यावर टेकवला, सेन्सर बर्फातच राहू दिला आणि कॉकपिटच्या खिडकीपाशी आली. "आता नीट आठव. ढग समोर दिसला. हात पहिल्यांदा कुठे गेला?"

"लिहून दिलंय की सगळं."

"लिहिताना माणूस शहाणा होतो. हात दाखव."

दिराने डोळे मिटले. उजवा हात आपोआप बटणांच्या रांगेवर गेला आणि त्याने हीटर लावला. वेग मोजणारी नळी पंखाखाली असते. ती बर्फाने बुजू नये म्हणून ढगात शिरण्याआधी हा हीटर लावतात.

मीटरवर चार आले.

तिने स्वतः हात घालून बटण बंद केलं. शून्य. चालू केलं. चार.

"हीटरची ऊब लागत असेल त्याला," दीर म्हणाला.

"खुंटी बर्फात बुडालीय. आणि ऊब चढत जाते, अशी टुणकन उडी मारत नाही. ही वायरीची भानगड आहे."

वायरीची म्हणजे कोणाची, ते तिने बोलून दाखवायची गरज नव्हती. पंखाखालचं झाकण उघडण्याआधीच तिला बोल्ट डोळ्यांपुढे दिसला. विमानात विजेचा परतीचा रस्ता म्हणजे बहुतेक वेळा विमानाचं धातूचं अंगच. जवळच्या बोल्टला वायर कसली की काम भागतं. दिव्याला ते चालतं, हीटरलाही चालतं. सेन्सरची परतीची वायर मात्र थेट मीटरपर्यंत न्यावी लागते. हे तिला पाठ होतं. पण त्या दिवशी पंखातली वायरींची नळी खच्चून भरलेली होती, दुसरी वायर काही केल्या सरकेना, आणि तिने ती हीटरच्याच बोल्टला कसून टाकली. मग बर्फाची चाचणी घेतली, हीटर बंद ठेवून. शून्य आलं, सही झाली.

झाकण उघडलं, तर आता बोल्टखाली पांढरट बुरशीसारखा गंज होता. हीटरचा दणदणीत प्रवाह त्यातून अडखळत जात होता आणि सेन्सरचा आकडा वर ढकलत होता. वैमानिकाला बर्फाची भीती वाटली की तो हीटर लावणार. आणि त्याच क्षणी मीटर त्याला सांगणार की घाबरू नकोस, हवा चार अंशांनी उबदार आहे. अधिक तीनातून ते चार वजा केले, तर त्या दिवशी बाहेर उणे एक होतं.

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "गंजच होता म्हणून लिही. खोटं नाही ते."

"अर्धं आहे. बाजूला हो, मला नळी रिकामी करायचीय."

नळीतल्या सगळ्या वायरी बाहेर काढून, दोरा बांधून, एकेक परत ओढायला पावणेतीन तास गेले. बोटांची सालं निघाली. सेन्सरच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ घालून तिने पंखापासून मीटरपर्यंत अखंड नेल्या. बोल्ट घासून लख्ख केला. मग पुन्हा बर्फ, आणि या वेळी एकेक बटण: दिवे, रेडिओ, हीटर, शेवटी सगळं एकदम. शून्य. कोमट पाण्यात काचेचा तापमापक आणि सेन्सर शेजारी शेजारी धरले. दोन्हींचा आकडा एकोणचाळीस. इंजिन सुरू करून तीच कवायत पुन्हा केली. आकडा हलला नाही.

साडेदहाला प्रमुख आले. त्यांनी नोंदवही वाचली आणि चष्मा काढला.

"बाई, 'परतीची वायर मी चुकीच्या जागी जोडली' हे वाक्य कशाला? गंज पुरेसा आहे. असं लिहिलंत तर चौकशी होईपर्यंत तुमचा सहीचा अधिकार बंद."

"वायर जागेवर असती तर गंज असूनही आकडा खरा आला असता. आणि नुसता गंज लिहिला तर पुढचा माणूस बोल्ट घासेल, वायर तशीच ठेवेल."

"दिराला वाचवताय असं लोक म्हणतील."

"म्हणू देत. त्यांना हीटरचं बटण दाखवा."

प्रमुखांनी चष्मा परत लावला. "जमिनीवर सगळंच शहाणं असतं. वर जाऊन बघतो, मी स्वतः. निर्णय नंतर." मग दिराकडे वळून म्हणाले, "चल रे, डावीकडे बस, वैमानिकाच्या जागी. ढगात नाही, मोकळ्या हवेत. हीटर बंद आणि चालू, दोन्ही आकडे हवेत मला."

दहा वाजून एकावन्न मिनिटांनी विमानाने धावपट्टी सोडली. वायरिंगवाली हँगरच्या दारात रेडिओ घेऊन उभी राहिली. बोटांना तिने चिकटपट्टी गुंडाळली होती.

अकरा वाजून सहा मिनिटांनी दिराचा आवाज आला. "आठ हजार फूट. हीटर बंद, उणे दोन. आता लावतोय."

दुसरा आकडाही उणे दोनच यायला हवा होता; अकरा वाजून आठ मिनिटांपर्यंत तो आलेला नव्हता.