मला चंदन-कुंकू नको होतं

मी एक जुना दोर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी फार चिडलेला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर त्या कोपऱ्यातल्या पितळी समईकडे जा. तिला घासतात, पुसतात, ती खुशीत असते.

मी कपडे वाळत घालायचा दोर नाही. डोंगराचा दोर आहे. मला कारखान्यात यंत्रावर विणलं. आत पांढऱ्या धाग्यांचा घट्ट गाभा, त्यावर लाल-निळी वीण. सगळी ताकद त्या गाभ्यात असते. वरची वीण म्हणजे नुसता अंगरखा. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या घरच्यांनी ते कधीच लक्षात घेतलं नाही.

मला विकत घेतलं राजलक्ष्मीने. ती तंजावूरची, राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारी, कॉलेजात भूगोल शिकवणारी. तंजावूरला डोंगर कुठला! जिकडे बघाल तिकडे सपाट भातशेती. म्हणून सुट्टी लागली की ती विद्यार्थिनींना घेऊन पश्चिम घाटात जायची. पाठीवर पिशव्या, पायांना जळवा, वर धुकं. कडा आला की मला झाडाला बांधायची आणि एकेक मुलगी माझ्या भरवशावर खाली उतरायची. काय दिवस होते ते! खाली पोचलेली मुलगी हसली की मला माझा अभिमान वाटायचा.

राजलक्ष्मी कडक होती. कोणी माझ्यावर पाय दिला की ओरडायची, "ए, बाजू हो! त्याच्यावर उद्या तूच लटकणार आहेस." घरी आली की मला धुवायची, सावलीत वाळवायची आणि मग डोळे मिटून माझा तसू न् तसू बोटांनी चाचपायची. कुठे मऊ लागतोय का, कुठे गाठ आली आहे का. हे खरं प्रेम, मित्रांनो.

ती तापाने गेली. अगदी अचानक गेली. मी तिच्या खोलीत पिशवीत पडून होतो.

तिचा धाकटा भाऊ कल्याणराम. सरकारी कचेरीतला माणूस, मनाने चांगला. बहिणीची आठवण म्हणून त्याने मला कपडे वाळत घालायला लावलं नाही, कोणाला दिलं नाही. त्याने माझी सुंदर गुंडाळी केली आणि घरातल्या सगळ्यात कोरड्या जागी, जिन्याखालच्या फळीवर ठेवलं. आणि फळीच्या खाली काय होतं? इन्व्हर्टरची बॅटरी!

वीज गेली की ती बॅटरी घराला दिवे-पंखे देई आणि वीज आली की गुरगुरत भरून घेई. भरताना तिच्यातून ॲसिडची वाफ निघते. ती वाफ वर, माझ्या अंगात. कोणाला दिसत नव्हती. माझा लाल-निळा अंगरखा तस्साच चकचकीत, आणि आत गाभ्याचा भुगा होत होता. मी ओरडत होतो, पण दोराचं ऐकतो कोण?

आणि कौतुक तर किती! दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास, अवजारांच्या आयुधपूजेला कल्याणराम स्कूटरला, मिक्सरला, त्या मेल्या बॅटरीला आणि मला चंदन-कुंकू लावायचा. फूल वाहायचा. डोळ्यांत पाणी आणून "अक्काचा दोर" म्हणायचा. आग लागो त्या कौतुकाला! अरे, एकदा तरी दोन बोटांनी चाचपून बघायचं होतंस! फूल वाहायला हात पुढे येतो, तोच हात जरा दाबून बघायला काय झालं होतं?

मग त्याची मुलगी हरिप्रिया मोठी झाली. बंगळूरला नोकरी करते, आत्यासारखीच डोंगरवेडी, दोराचं काम रीतसर शिकलेली. मैत्रिणींबरोबर घाटात चार दिवसांची वाट चालायची ठरली तेव्हा ती नवा दोर घेणार होती.

"नवा कशाला गे?" कल्याणराम म्हणाला. "आत्याचा दोर आहे की! दर वर्षी पूजा केलेला. असला दोर आता मिळत नाही."

"अप्पा, फार जुना झाला नाही ना?"

"बघ की, नवाच दिसतो!"

हरिप्रियाने मला वरवर पाहिलं, वडिलांचा चेहरा पाहिला आणि पिशवीत भरलं. तूसुद्धा, पोरी! तुला शिकवलेलं होतं ना? वडिलांचं मन मोडू नये म्हणून स्वतःचं हाड मोडून घ्यायचं?

तिसऱ्या दिवशी ओल्या कड्याशी ते घडलं. मला झाडाला बांधलं. तिची मैत्रीण कविता आधी उतरायला निघाली, तर हरिप्रिया म्हणाली, "थांब, आमच्या घरचा दोर आहे, मी आधी." तिचं वजन माझ्यावर आलं. मी जीव एकवटला. शपथ सांगतो, एकवटला. पण आत जीवच उरला नव्हता. मी तुटलो.

खालच्या कपारीने तिला अडवलं म्हणून ती वाचली. मांडीचं हाड मोडलं. मैत्रिणींनी ताडपत्रीची झोळी करून तिला खाली आणलं. इस्पितळात कल्याणराम डॉक्टरांना पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "दोर नवाच दिसत होता हो."

घरी आल्यावर त्याने काय केलं असेल? माझे दोन्ही तुकडे घेतले, गाठ मारली आणि परत फळीवर ठेवायला निघाला! म्हणे दृष्ट लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अप्पा, इकडे द्या तो," हरिप्रिया खुर्चीतून म्हणाली. तिने तुटक्या टोकाची वीण मागे सारली आणि कल्याणरामचा हात धरून गाभ्यावर ठेवला. त्याच्या बोटांना पिवळट भुगा लागला. तो बोटांकडे बघत राहिला, मग जिन्याखालच्या बॅटरीकडे.

हरिप्रियाने सुरी मागवली.

"कापू नको गे! अक्काची एवढीच वस्तू राहिली घरात."

"आत्याने मला ह्या दोरावर सोडलं असतं का? सांगा, अप्पा."

ती कापायला लागली, पण एका हाताने दोर ताणला जाईना. तेव्हा कल्याणराम तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि माझं दुसरं टोक त्याने दोन्ही हातांनी घट्ट ओढून धरलं. रडत होता, पण धरून होता.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना नमस्कार करा, माझी ना नाही. पण आधी त्यांना चाचपून बघा. आणि ज्याच्यात जीव उरला नाही त्याच्यावर कोणाचा जीव टांगू नका. माझे आता वीतवीतभर तुकडे झाले आहेत. ह्यांतल्या एकावरही कोणाला लटकता येणार नाही.