सैल टेकू

त्याला सगळे आरपार म्हणत. घरात जिना काढायचा असो, न्हाणीघर नव्याने बांधायचं असो की गच्चीतून पाइप खाली आणायचा असो, स्लॅबला भोक पाडायचं म्हटलं की गवंडी त्याचाच नंबर देत. त्याच्याकडे पाण्यावर चालणारं, हिऱ्याच्या दातांच्या पात्याचं मशीन होतं. घणाचा एकही घाव न घालता तो छतातून हवा तेवढा चौकोन उचलून काढी आणि शेजारच्या भिंतीचा रंगसुद्धा उडू देत नसे. कुणी त्याला पाडकामवाला म्हटलं की त्याचं डोकं फिरे.

त्याच्या जोडीला कायम त्याचे दाजी, म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा. ही जोडी जरा अवघडच होती. कामावर मालक आरपार, घरी मान दाजींचा. घरी दाजी आले की खुर्चीवरून उठायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच दाजींना राडारोडा उपसायला लावायचं. त्यामुळे आरपार चिडला तरी अदबीनं चिडे. "दाजी, आपण जरा डोळे उघडे ठेवाल का?" असं तो म्हणाला की गवंडी तोंड फिरवून हसत.

वर स्लॅबवर मशीन घेऊन आरपार आणि खाली खोलीत दाजी, अशी कामाची वाटणी होती. खाली टेकू लावायचे, सामानावर प्लॅस्टिक टाकायचं, कापताना गळणारं पाणी गोळा करायचं आणि छताकडे नजर ठेवायची, हे दाजींचं काम. टेकू म्हणजे लोखंडी नळ्या. वरचं टोक छताला लावायचं, मधल्या आट्यावर कडं फिरवायचं आणि शेवटी त्यात गज घालून जोर देऊन आवळायचं. टेकू नुसता उभा राहून उपयोग नसतो, त्यानं भार घ्यावा लागतो. म्हणून प्रत्येक सुट्टीनंतर आरपार स्वतः खाली उतरे आणि एकेका टेकूवर हातोडी वाजवून बघे. सैल टेकूचा आवाज वेगळा येतो. हा नेम त्यानं कधी मोडला नव्हता.

दाजींना मशीन शिकायचं होतं. त्यांनी ते बऱ्याचदा सुचवून पाहिलं होतं, आणि आरपारनं दर वेळी विषय बदलला होता. दाजींचा हात उतावळा आहे असं त्याला वाटे. पण वयानं आणि नात्यानं मोठ्या माणसाला हे तोंडावर कसं सांगायचं?

ते काम होतं एका टेलरबाईंच्या घरी. बाईंचा नवरा ट्रक चालवायचा आणि महिन्यातले बरेच दिवस बाहेरच असायचा. घरात सासू-सासरे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांना न्हाणीत न्यावं लागे. घराच्या स्लॅबवर बाईंनी शिवणकामासाठी एक खोली चढवली होती, पण वर जायला बाहेरून लोखंडी शिडी होती. वर मशीनवर बसलं की सासूबाईंची हाक ऐकू येत नसे. म्हणून बैठकीच्या खोलीतून आतला जिना हवा होता, आणि त्यासाठी छत कापायचं होतं.

सासऱ्यांनी आयुष्यभर कारखान्यात लेथ चालवली होती. त्यांना सगळे आजोबा म्हणत. ते सकाळपासून दाजींच्या मागे मागे होते. हे कडं कशासाठी, तो गज कुठे घालायचा, सगळं विचारत. दाजींनाही बरं वाटत होतं. त्यांना असं काही विचारणारं क्वचितच भेटे.

सकाळभर काम झकास चाललं. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना गोल भोकं पडली, मग त्या चौकोनाचे पट्टे करून एकेक पट्टा साखळीनं उचलून वर काढायला सुरुवात झाली. दुपारी सगळे ओट्यावर जेवायला बसले. दाजी सहज म्हणाले की आता उरलेले पट्टे लहान आहेत, यातला एक मी कापून बघतो. आरपार दमलेला होता. बाई आणि आजोबा समोर होते. तो हसून म्हणाला, "दाजी, तुम्ही आपले खालीच बरे. वर यायला नुसती शिडी पुरत नाही."

बाई सौजन्यानं थोडं हसल्या. दाजींनी हातातली पोळी डब्यात परत ठेवली, झाकण लावलं आणि हात धुवायला निघून गेले.

आपण काय बोलून बसलो हे आरपारला पाणी पिता पिताच कळलं होतं. पण लगेच मागे जाऊन समजूत काढणं त्याला जमेना. तो वर गेला आणि नसत्या गोष्टी करत बसला. पातं पुसलं, नळी पुन्हा जोडली. मशीन सुरू करायची वेळ झाली तेव्हा खाली उतरून टेकू वाजवायचे होते. खाली म्हणजे दाजींचा चेहरा. तो शिडीपर्यंत गेला, थांबला, आणि वरूनच ओरडून विचारलं की सगळं ठीक आहे का.

खालून दाजींचा आवाज आला, "चालू दे."

पट्ट्याच्या दोन बाजू कापून झाल्या. तिसरी संपत आली तेव्हा पातं चिमटल्यासारखं अडलं. तिसरी बाजू झाली की साखळी अडकवायची, हा नेहमीचा क्रम होता. तोवर पट्ट्याचं वजन खालच्या टेकूनं धरायचं. आरपारनं बटण सोडलं, पण तेवढ्यात पट्टा एका कडेला खचला, उरलेल्या सळयांवर लोंबला आणि तुटून खाली गेला. एक जड, बसका आवाज झाला. नंतर फक्त नळीच्या पाण्याचा आवाज येत राहिला.

तो पोटावर पडून भोकातून डोकावला. दाजी भिंतीला टेकून बसले होते आणि काँक्रीटचा तुकडा त्यांच्या डाव्या पायावर आडवा पडला होता. ते ओरडत नव्हते. आपल्याच पायाकडे ते परक्याच्या पायाकडे बघावं तसं बघत होते. बाई आतून धावत आल्या, हाताला लागलेला नव्या कापडाचा तागा टराटरा फाडला आणि मांडीला करकचून पट्टी बांधली. आजोबा पडलेल्या टेकूजवळ उभे होते.

दवाखान्यात नेल्यावर ताई आली. आरपारला वाटलं होतं की ती आरडाओरडा करेल. तिनं तसं काही केलं नाही. बाकावर त्याच्यापासून लांब बसली आणि म्हणाली, "मी त्यांना तुझ्या भरवशावर पाठवत होते."

दुसऱ्या दिवशी तो टेलरबाईंच्या घरी गेला. टेकू का पडला हे त्याला कळायला हवं होतं. फरशीवर ओल्या सिमेंटचा थर वाळला होता. टेकूच्या बुडाची स्वच्छ गोल खूण जिथे होती, तिच्यापासून वीतभर अंतरावर दुसरी खूण होती. म्हणजे कुणीतरी टेकू हलवला होता आणि पुन्हा लावताना आवळला नव्हता. त्यानं आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, हो, सोडला होता. हिला न्हाणीत न्यायचं होतं, टेकूमुळे खुर्ची जात नव्हती.

मग आरपारच्या तोंडाला लगाम राहिला नाही. रात्रभर जे मनात साठलं होतं ते सगळं त्यानं त्या म्हाताऱ्यावर रिकामं केलं. जन्मभर लोखंडात हात घालून एवढं कळत नाही का, एका माणसाचा पाय गेला तर तुम्ही देणार आहात का, असं बरंच काही. आजोबा खाली मान घालून ऐकत राहिले. आतून सासूबाई काय झालं, काय झालं म्हणून विचारत होत्या. टेलरबाई काही बोलायला पुढे झाल्या तेव्हा आजोबांनी हातानंच त्यांना थांबवलं.

तिथून तो थेट दवाखान्यात आला. पाय वाचला होता. आत सळई घातली होती, पण गुडघा पूर्वीसारखा वळेल याची डॉक्टर खात्री देत नव्हते. दाजी शुद्धीवर होते. ताई औषधं आणायला गेली होती. आरपारनं खुर्ची ओढली आणि म्हाताऱ्याला कसं फैलावर घेतलं ते सांगू लागला. दाजींनी डोळे मिटून घेतले.

"त्यांना काही बोलू नकोस," ते म्हणाले. "टेकू मी सोडला."

दाजी थांबत थांबत सांगत गेले. आजी आतून हाका मारत होत्या. म्हातारा एकटाच खुर्ची ओढत होता, ती टेकूला अडत होती. बाई मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या. दाजींनी टेकू सोडला, खुर्ची पलीकडे काढून दिली, टेकू परत उभा केला आणि कडं हातानं फिरवलं. गज घेऊन आवळणार, तेवढ्यात वरून हाक आली.

"मग थांब म्हणायचं होतं, दाजी."

"जिवावर आलं रे. जेवताना तसं बोललास, आणि लगेच तुला म्हणू की थांब, माझं अजून झालं नाही? म्हटलं, तू पाणी सोडेस्तोवर आवळून टाकू. पण गज सापडेना. प्लॅस्टिकखाली गेला होता. तो शोधायलाच वाकलो होतो."

आरपार खाली उतरला असता, नुसती एकदा हातोडी वाजवली असती, तर हे झालं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते उच्चारलं नाही. दाजी म्हणाले की तुझ्या ताईला एवढ्यात सांगू नकोस, ती आधीच खचली आहे. आरपारनं मान डोलावली.

संध्याकाळी तो पुन्हा त्या घरी गेला. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यानं त्यांचे हात धरले आणि माफी मागितली. मग विचारलं की तुम्ही खरं का नाही सांगितलं, एवढं का ऐकून घेतलंत. आजोबा म्हणाले, "माझ्या बायकोचे कपडे घाण होऊ नयेत म्हणून त्या माणसानं टेकू सोडला. तो तिकडे पडलेला, आणि मी इथे त्याचं नाव घेऊ?"

छत अर्धवट कापलेलं ठेवणं धोक्याचं होतं. आरपारनं दुसरा एक मजूर घेतला आणि काम पुरं केलं. प्रत्येक पट्ट्याच्या आधी तो खाली उतरला, टेकू वाजवले, पुन्हा वर गेला. मजुराला त्याचा वैताग आला, पण त्यानं तो दाखवला नाही. शेवटचा पट्टा वर आला तेव्हा भोकातून लख्ख उजेड खालच्या खोलीत पडला. सासूबाईंनी अंथरुणावरून मान वळवून तो पाहिला. आरपारला मात्र त्या उजेडाकडे बघवेना. त्यानं घाईनं साखळी उतरवली आणि सामान गाडीत भरलं.

ताईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. तो भेटायला गेला की ती आत निघून जाई. मुलं मामाला बघून पूर्वीसारखी धावत येत नसत. त्यानं ते सगळं निमूट सोसलं. त्याच्या बायकोला हे पटत नव्हतं. खरं सांगून मोकळं व्हावं असं तिचं म्हणणं होतं. तो म्हणे की खरं सांगितलं तरी माझ्या वाट्याचं माझ्याकडेच राहतं.

मग एके दिवशी सकाळी ताईच त्याच्या दारात उभी राहिली. दाजींनी तिला सांगून टाकलं होतं. मुलांसमोर ती भावाला नको नको ते बोलत होती, ते त्यांना ऐकवेना. ती माफी मागायला आली नव्हती. बसलीही नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून तिनं एवढंच विचारलं, "तू दर वेळी खाली जातोस. त्या दिवशी का नाही गेलास?"

त्यानं सांगितलं. ओट्यावर काय बोललो ते, आहे तसं, शब्दसुद्धा न बदलता. ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली की लग्न झाल्यापासून हा माणूस तुझ्या हाताखाली राबला, कधी घरी येऊन तुझी तक्रार केली नाही, फक्त म्हणायचा की एकदा मशीन हातात घेऊन बघायचंय.

"मी शिकवतो त्यांना," आरपार म्हणाला. "बसून चालवायचंही मशीन असतं, भोकं पाडायचं. पायाची अडचण येणार नाही."

"मला काय सांगतोस? त्यांना विचार."

तो त्याच आठवड्यात गेला. दाजी तोवर काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले होते. एका रंगाच्या दुकानात डबे मिसळून द्यायचं बैठं काम त्यांना मिळालं होतं. पुढच्या महिन्यापासून जायचं होतं. आरपारनं अडखळत मशीनचा विषय काढला. दाजींनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "नको. तेव्हा शिकवलं असतंस तर शिकलो असतो. आता तू दया म्हणून शिकवशील, आणि मी हात थरथरत शिकेन."

आरपारनं एकदा आग्रह करून पाहिला. दाजींनी रंगाच्या दुकानाचा विषय काढला, मालक कसा आहे, गर्दी किती असते. ताईनं दोघांपुढे चहा ठेवला आणि ती तिथेच बसली, आत गेली नाही. तिघंही रंगांबद्दल बोलत राहिले, म्हणजे दाजी बोलत राहिले.

जेवायला थांब असं कुणी म्हणालं नाही. आरपार उठला तेव्हा दाजीही काठीवर भार देऊन उठले आणि त्याला दारापर्यंत सोडायला निघाले. एक हात भिंतीवर, ताठ पाय जरा ओढत. नको, बसा तुम्ही, असं आरपारच्या ओठांवर आलं होतं. तो ते बोलला नाही. दाराशी उभा राहून, ते पोहोचेपर्यंत त्यानं वाट पाहिली.