गुडघ्यावर न चढणारी पँट

मित्रांनो, मी एक जुनी हाफ पँट आहे. पण मी जन्माने हाफ नाही. जन्माने मी फुल पँट, आणि तीही बेलबॉटम. तुमच्यापैकी ज्यांनी बेलबॉटम पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडीला घट्ट, गुडघ्याला त्याहून घट्ट आणि पोटरीच्या खाली एकदम उपड्या नरसाळ्यासारखा घेर. माणसाला जिथे जागा लागते तिथे ती नाही, आणि जिथे लागत नाही तिथे अंगणभर. याला त्या काळी फॅशन म्हणत.

मी जन्मले मनोरच्या बाजारात, देवू टेलरच्या दुकानात. साल शहात्तर असावे. तेव्हा मी तपकिरी टेरिकॉटचा एक बेसावध तुकडा होते. मला फळीवर पसरले, अंगावर खडूच्या रेघा ओढल्या, आणि मग ती आली. कात्री. माणसांच्या मुलांना बागुलबुवाची भीती घालावी लागते, आम्हा कापडांना ती कुणी घालावी लागत नाही. देवू टेलर विडी ओढत, गिऱ्हाइकाशी भाताच्या पिकाबद्दल बोलत मला कापत होता. भात कसे आले होते ते मला आठवत नाही. कापले जात असताना पिकाकडे लक्ष राहत नाही. शिवून झाल्यावर मी मनाशी म्हटले, आता उभ्या आयुष्यात कात्री नको. एवढी एकच इच्छा होती. तिचे पुढे काय झाले ते माझ्या लांबीवरून तुम्हाला कळलेच असेल.

माझा मालक झुंबर. मूळचा नगरकडचा, बोईसरच्या एका कारखान्यात कामाला. उंच टाकीच्या शिडीवर चढून झडपा उघडायच्या आणि बंद करायच्या, हे त्याचे काम. मला त्याने लग्नासाठी शिवून घेतले. लग्नात मी होते, सत्यनारायणाला होते, स्टुडिओतल्या फोटोत तर झुंबरपेक्षा मीच जास्त आले. घरी त्याची बायको गोजराबाई मला घडी घालून गादीखाली ठेवी. रात्रभर दोघांच्या वजनाखाली माझी इस्त्री होई. चाळीतल्या बायका म्हणत, गोजराबाईचा नवरा पँट घातली की साहेबासारखा दिसतो. लुंगीवर तो कसा दिसतो याबद्दल कुणी बोलत नसे.

मग फॅशन गेली आणि झुंबरचे पोट सुटले. मी ट्रंकेत गेले. आत डांबरगोळ्या आणि काळोख. आणि बाहेर आठ-पंधरा दिवसांनी एक आवाज, बोहारणीचा. ती टोपलीत चकचकीत भांडी घेऊन येई आणि जुने कपडे घेऊन जाई. ती चाळीत शिरली की ट्रंकेतले आम्ही सगळे श्वास रोखून बसत असू. एकदा माझ्या शेजारचा लोकरी कोट गेला. त्याच्या बदल्यात पातेले आले. त्यात नंतर बरीच वर्षे दूध तापत होते.

अशी काही वर्षे गेल्यावर एका सकाळी ट्रंक उघडली, ती मात्र भांड्यांसाठी नव्हे.

झाले होते असे. बेटेगावकडून सायकलवर येताना झुंबर खडीवर घसरला आणि त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली. पाय प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टर निघाले तेव्हा आतून जो पाय बाहेर आला तो झुंबरचा वाटत नव्हता. काठीसारखा बारीक, आणि काठीसारखाच सरळ. वाकेना. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितले की हाड जुळले आहे, पण गुडघा आखडला आहे. महिन्याभरात व्यायामाने वाकला तर वाकेल, नाहीतर असाच राहील. न वाकणारा पाय घेऊन शिडी चढता येत नाही. झुंबरच्या जागेवर तेवढ्यापुरता एक माणूस लावला होता आणि तो शिडी फार छान चढतो, अशी बातमी आली होती. चाळीच्या संडासात झुंबरचे काय हाल होत होते, तो विषय मी सभ्य पँट असल्यामुळे सोडून देते.

पालघरला एका गल्लीत फिजिओथेरपीची खोली होती. लोक तिला व्यायामाचा दवाखाना म्हणत. तिथे रोज जायचे ठरले. ठरले त्याच संध्याकाळी शेजारचा बळवंत भेटायला आला. बळवंतचा खांदा मागे तिथेच बरा झाला होता. त्याने चहा पीत सगळे सविस्तर सांगितले. तिथली बाई दिसायला किरकोळ आहे, पण हात धरते तो पकडीसारखा. आपण ओरडलो तरी सोडत नाही. हाडातून कडकड आवाज येतो. एक माणूस तर टेबलावरच बेशुद्ध झाला. एवढे सांगून बळवंतने दुसरा कप घेतला आणि काळजी करू नको म्हणून निघून गेला.

सकाळी गोजराबाईने धुतलेला ढगळ लेंगा पुढे केला. झुंबर म्हणाला, दवाखान्यात का लेंग्यावर जायचे? चार लोक बसलेले असतात. डॉक्टरकडे जाताना माणसाने नीटनेटके जावे. गोजराबाईला ते पटले. त्यांच्या गावाकडे डॉक्टरकडे जाताना ठेवणीतलेच घालत. आणि ट्रंक उघडली.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांनी उजेड. गोजराबाईने झुंबरचा ताठ पाय माझ्यात सरकवला आणि उशीचा अभ्रा चढवतात तशी मला ओढत ओढत वर नेले. कमरेचे बटण पोट आत घेऊन लावले. मग मला एक गोष्ट जाणवली. माझ्या आत तो पाय थरथरत होता. बाहेरून कुणाला दिसले नसते, कारण मी घट्ट होते. चार लोकांसाठी मला घातले असते तर त्याने आरशात पाहिले असते. त्याने पाहिले ते वाकून, माझा गुडघा. चिमटीत धरून ओढून पाहिला, सुजेवर ताणलेली मी चिमटीत येईना. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. मला कळले. झुंबरने मला शोभेसाठी काढले नव्हते. कुलूप म्हणून काढले होते.

एसटीत त्याचा पाय मधल्या वाटेत आडवा. लोक ओलांडून जात होते. पालघरच्या त्या खोलीत एक लाकडी टेबल, एक शेकाचा लाल दिवा आणि भिंतीला लावलेली दोरीची कप्पी होती. कप्पी पाहून पाय आणखी थरथरला, आणि खरे सांगते, त्याच्याबरोबर मीही.

तिथल्या बाई म्हणजे हिराताई चुरी. तिथल्याच किनाऱ्यावरच्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. त्यांनी माझा घेर धरून मला वर गुंडाळायला सुरुवात केली. पोटरीपर्यंत मी मजेत गेले. गुडघ्याखाली येऊन अडकले. त्यांनी पुन्हा उलगडले, पुन्हा गुंडाळले. मी हलले नाही. त्या म्हणाल्या, पँट काढून चादर गुंडाळून घ्या. झुंबर म्हणाला, बाईमाणसासमोर ते जमायचे नाही. हिराताईंनी सांगितले की गुडघा दिसल्याशिवाय, हाताला लागल्याशिवाय तो वाकवता येत नाही. उद्या सैल लेंगा नाहीतर हाफ पँट घालून या. मग त्यांनी नुसता वरवर शेक दिला. झुंबर इतका खुश झाला की येताना त्याने भजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच. लेंगा वाळला नाही, असे हिराताईंना सांगितले. तिसऱ्या दिवशी लेंग्याची नाडी तुटली. त्यानंतर लेंगा पाहुण्याने नेला. घरी मात्र गोजराबाईला झुंबर सांगे, फरक पडतोय, हळूहळू पडतोय.

शेजारच्या बाकावर रोज बायडी म्हातारी असे. मनोरच्या वरच्या डोंगरातली, नाचणीच्या वावरात पडून गुडघा धरलेली. तिचे लुगडे नेसायचेच मुळी गुडघ्याच्या वर. ती यायची, टेबलावर चढायची, गुडघा तयार. व्यायाम करताना ती हिराताईंच्या सात पिढ्या काढायची आणि झाल्यावर त्यांच्याच हाताला धरून उतरायची. रोज जराशी जास्त वाकून. एक दिवस तिने झुंबरकडे बराच वेळ पाहिले.

"काय रं बाबा," ती म्हणाली, "तुजा गुडगा आज पन घरीच हाय काय?"

बाकावरचे सगळे हसले. झुंबरही हसला. माझ्या आत मात्र तो गुडघा बसल्या जागी गार पडला.

दिवस चालले होते. एके दिवशी हिराताईंनी कापडावरूनच गुडघा चाचपला आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, हा सैल व्हायचा तर घट्ट होत चालला आहे. असाच राहिला तर हाडाचे डॉक्टर भूल देऊन एकदम वाकवतील, आणि तरी पूर्ववत होईलच असे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी झुंबरने भजी खाल्ली नाहीत. आता त्याला टेबलाची भीती होती, भुलेची भीती होती, शिडीवरच्या त्या दुसऱ्या माणसाची भीती होती. इतक्या प्रकारची भीती एका घट्ट पँटीत मावणे कठीण असते. तरी दुसऱ्या सकाळी त्याने हात मलाच घातला.

त्या दिवशी पाय फारच ठणकत होता, म्हणून गोजराबाई बरोबर निघाली. खोलीत शिरताच बायडीने तिला जागा करून दिली आणि अगदी सहज म्हणाली, "तुजा मानूस लय हुशार हाय. रोज पँट दाखवाय येतो, गुडगा दाखवत नाय."

गोजराबाईने हिराताईंना विचारले. हिराताईंनी सगळे सांगितले. नाडी, पाहुणा, सगळे. मला वाटले आता आरडाओरडा होईल. झाला नाही. गोजराबाईने तिथल्या ट्रेमधली पट्ट्या कापायची कात्री उचलली आणि झुंबरसमोर येऊन उभी राहिली.

मित्रांनो, मी पळू शकत नव्हते. मला पाय होते, पण ते दुसऱ्याच्या पायांवर चढवलेले होते. कात्रीची दोन पाती माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होती. माझी सगळी शिवण ताठ झाली. आत झुंबरचा पायही तसाच. त्या क्षणी आम्हा दोघांत घाबरट कोण हे कुणी सांगू शकले नसते.

"लग्नातली हाय, कापू नको," झुंबर म्हणाला.

"लग्न आपलं झालंय, पँटीचं नाय. आवं, खरं काय ते बोला."

झुंबर कप्पीकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "मला भ्या वाटतंय, गोजरा."

खोलीत कुणी हसले नाही. बायडीसुद्धा नाही.

"मग तसं म्हनायचं की," गोजराबाई म्हणाली. "लेंग्याला कशाला बदनाम केलं?"

हिराताई स्टूल ओढून झुंबरसमोर बसल्या. त्यांनी सांगितले, दुखेल. नाही म्हणत नाही. पण मी ओढणार नाही, तुम्ही स्वतः वाकवायचा. माझा हात खाली आधाराला असेल. तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन. मग बळवंतची गोष्ट निघाली. बेशुद्ध पडलेला माणूस कोण, असे झुंबरने विचारले. हिराताईंनी आठवून पाहिले आणि म्हणाल्या, बेशुद्ध असे कुणी पडले नाही, पण खांदा दुखणारे एक गृहस्थ पहिल्या दिवशी दिवा लावायच्या आधीच रडले होते.

झुंबरने माझ्या गुडघ्यावर हात फिरवला, एकदाच. आणि गोजराबाईला म्हणाला, "काप."

पाती गार होती, एवढेच सांगते. एक पाय गेला, मग दुसरा. दोन तपकिरी घेर टेबलाखाली पडले आणि तिथेच पडून राहिले. मी संपले असे मला वाटले. पण वारा लागला, आणि मग मी पहिल्यांदाच तो गुडघा बाहेरून पाहिला. इतकी वर्षे मी त्याला झाकले होते, पाहिला कधीच नव्हता. सुजलेला, पांढुरका, मध्ये एक व्रण. त्याची मला भीती वाटली नाही. दया आली.

झुंबरने टेबलाची कड धरली. पाय सरकवला. लगेच म्हणाला, थांबा. हिराताई थांबल्या. खरेच थांबल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिले, कपाळ पुसले आणि स्वतःच पुन्हा सरकवला. गुडघा वाकला. फार नाही, एखादी पोळी दुमडायला घ्यावी आणि मन बदलावे, इतपत. बायडीने बाकावरून जीभ टाळूला लावून शाबासकीचा टक्क आवाज काढला.

त्यानंतर झुंबर रोज मला घालून एसटीने गेला. अर्धी बेलबॉटम घातलेला पोट सुटलेला गृहस्थ पाहून लोक हसत. तो ओरडला, रडला, बायडीकडून दोन नव्या शिव्या शिकला, पण गेला. महिनाअखेर हाडाच्या डॉक्टरांनी भुलेचे नाव काढले नाही. पुढच्या पंधरवड्यात तो शिडीवर होता. मांडी त्याला कधीच पूर्ण घालता आली नाही. पंगतीत तो आजही एक पाय पसरून बसतो आणि वाढणारे त्याला वळसा घालून जातात.

मी आता दाराच्या खिळ्यावर असते. चाळीत कुणाचा गुडघा, कुणाचा घोटा धरला की मला मागून नेतात. आत येणारा प्रत्येक पाय पहिल्या दिवशी थरथरतो, पैलवानाचाही. वापरून-धुऊन मी सैल झाले आहे आणि गुडघा उघडा असतो, म्हणून आता ते बाहेरून दिसते, आणि दिसले की समोरचा हात जरा हळू होतो. म्हणून मित्रांनो, कधी असा प्रसंग आला तर ठेवणीतले ट्रंकेत राहू द्या. दुखते ती जागा सहज उघडी होईल असे सैल, साधे, जुने घाला. आणि भ्यायला होत असेल तर ते तोंडाने सांगा, ते काम कपड्यांवर टाकू नका. आम्ही फक्त झाकू शकतो, बरे करू शकत नाही.

आणि मला नेलेत तर परत करताना धुऊन आणा. घाबरलेल्या माणसाला घाम फार येतो.