मास्तरांचा डब्बा आणि कुरडयांचं छत

मी डब्बा बोलतोय. थांबा, लगेच झाकण शोधू नका. मी जेवणाचा डबा नव्हे. दोन चाकं, दोन खिडक्या, एक पलंग, एक शेगडी आणि जीपच्या मागे जोडून न्यायचं असं अख्खं घर म्हणजे मी. माझ्या कागदांवर माझं नाव चांगलं रुबाबदार इंग्रजी आहे. पण मी अमरावतीला आलो त्याच दिवशी गल्लीतल्या सत्यभामाबाईंनी मला चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, हा डब्बा कावून आणला?" कावून म्हणजे कशाला. झालं! तेव्हापासून मी डब्बा.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यातला. रंग पांढरा, भाषा शुद्ध, स्वभाव जरा ताठ. कोणी काही विचारलं तर 'असं नसतं ते' म्हणायची सवय. आता काही महिने वऱ्हाडात काढले आणि माझी भाषा पार बिघडून राहिली. बघा, गेलीच!

माझे मालक उद्धव मास्तर. त्यांनी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून पोरांना हिमालय दाखवला, वाळवंट दाखवलं, तिन्ही बाजूंचा समुद्र दाखवला. स्वतः मात्र नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मला घेतलं आणि बायकोसमोर नकाशा पसरला. "विमल, डोळे मीट आणि कुठेही बोट ठेव. ठेवशील तिथे नेतो."

विमलकाकूंनी डोळे मिटून बोट ठेवलं. ते नेमकं बंगालच्या उपसागरात पडलं.

"आता?" काकू घाबरल्या.

"आता काय, काठापर्यंत जाऊ. पुढचं तिथे गेल्यावर पाहू," मास्तर म्हणाले. दोघं खूप हसले. निघायचं कधी, तर काकू म्हणाल्या, उन्हाळ्याचं वाळवण आटोपलं की लगेच. त्या एका वाक्यात माझा घात होता, पण तेव्हा कोणाला कळणार?

आता माझ्या छताबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण त्याचंच आहे. माझ्या कुशीला एक कापड गुंडाळलेलं असतं. बटण दाबलं की ॲल्युमिनियमचे दोन हात पुढे येतात, राखाडी कापड ताणलं जातं आणि माझ्यापुढे झकास ओसरी तयार होते. मास्तर रोज दुपारी चार वाजता छत उघडायचे, खाली खुर्ची टाकायचे आणि पेपर वाचायचे. गल्ली बघत राहायची. मीही जरा छाती काढून उभा राहायचो, खोटं कशाला बोलू?

एप्रिलमध्ये काकूंनी कुरडयांचा घाट घातला. गच्चीवर गवंडी काम करत होते आणि अंगणात शेजारच्या शेळ्या होत्या. काकूंनी वर पाहिलं. माझं छत, चांगलं ताणलेलं, उन्हात तापलेलं. "हे तं खाटेपक्षा बरं हाय," त्या म्हणाल्या. शिडी लावली, जुनं लुगडं अंथरलं आणि सोऱ्याने माझ्या छतावर कुरडया घातल्या.

पहिल्या दिवशी नुसत्या कुरडया होत्या. दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई पापड घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या भावनाने मुगवड्या आणल्या. चौथ्या दिवशी गल्लीतलं एक घर राहिलं नाही. पाचव्या दिवशी कोणीतरी ओली गादी टाकून गेलं, ते कोण ते अजून कळलेलं नाही. अहो, असं नसतं ते! पण मला विचारतो कोण? माझे हात लटलट कापत होते, तरी मी धरून ठेवलं.

सहाव्या दिवशी वांदरं आली. मोजून अकरा. पहिली दहा मी सोसली, खरंच सोसली. अकरावं जरा अंगानं भरलेलं होतं, आणि त्यानं कडुनिंबावरून थेट गादीवर उडी मारली. कडाड्! माझे दोन्ही हात वाकले, कापड या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलं आणि गल्लीचं वर्षभराचं वाळवण वांदरांसकट खाली आलं.

तेवढ्यात मास्तर पेपर घेऊन बाहेर आले. चार वाजले होते ना! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुरडयांकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून जे निघू नये ते निघालं.

"बत्तीस वर्षं तुला जग समजावून सांगतोय! पण तुझा नकाशा शेगडीपाशी सुरू होतो आणि कुरडईपाशी संपतो!"

सगळी गल्ली उभी होती. सगळ्या गल्लीनं ऐकलं. काकूंनी खाली बसून तुटक्या कुरडया पदरात वेचल्या. मग उठल्या. त्या हिवरखेडच्या लेक. एरवी थोडं शहरी मिसळून बोलायच्या, पण जीव दुखला की माहेरची बोली पुरती वर यायची.

"बत्तीस वर्सं तुमचा डबा म्या भरला. आता हा डब्बा तुमीच भरा, अन् तुमीच जा."

हे त्यांचं शेवटचं वाक्य. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या हिवरखेडला, आपल्या भावाकडे, पंजाबरावांकडे निघून गेल्या. मास्तर रोज फोन करायचे. काकू फोन उचलायच्या, पण बोलायच्या नाहीत. पलीकडून नुसता मिक्सर ऐकू यायचा. तरीही मास्तर तो मिक्सर बंद होईपर्यंत फोन कानाला लावून बसायचे. मला फार वाईट वाटायचं हो.

मास्तरांनी कारखान्याला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, माकड वॉरंटीत बसत नाही."

"बसत नाही कसं? माझ्या छतावर अकरा बसली होती!" मास्तर ओरडले.

नवं छत परदेशातून यायला सहा महिने लागणार होते. त्यातच वरुडहून सहदेव आला, संत्र्यांचा व्यापारी. त्यानं माझ्या दारातून आत डोकावून मापं घेतली. "मास्तर, देऊन टाका मले. फवारणीची औषधं ठेवाले झकास जागा हाय." औषधं! माझ्या पोटात! मास्तर म्हणाले, "रविवारी सांगतो. विमल परत आली तर देणार नाही. नाही आली, तर मी एकट्यानं समुद्र पाहून करू काय? घेऊन जा मग." म्हणजे माझं आणि मास्तरांचं, दोघांचंही नशीब आता त्या एका बाईच्या 'हो' वर टांगलेलं होतं.

पण मोडक्या तोंडानं सासुरवाडीला जायचं कसं? म्हणून आधी माझी दुरुस्ती काढली. अकोल्याला मोतीराम नावाचा एक मंडपवाला आहे, कापडाचं काहीही शिवून देतो असा त्याचा लौकिक. त्यानं माझे वाकडे हात काढले आणि शेजारच्या रसवंतीवर नेले. हो, उसाच्या रसाच्या! चरकातून एकदा इकडून, एकदा तिकडून काढले आणि सरळ करून आणले. पुण्यात असं कोणी केलं असतं तर पेपरात आलं असतं. आठवडाभर माझ्या हातांना माश्या लागत होत्या, पण हात सरळ झाले हे मान्य करावं लागेल.

कापडासाठी मोतीरामनं मंडपाचं कापड काढलं. लाल-पिवळं, खाली सोनेरी झालर, आणि समोर ठसठशीत अक्षरं, 'शुभविवाह'.

"याच्याखाली चारशे लगनं लागली, मास्तर. एकबी मोडलं नाही," मोतीराम म्हणाला. "अक्षरं उसवून देऊ का?"

"असू दे हो. वाचतंय कोण?" मास्तर म्हणाले. मास्तर माणूस, आणि असं म्हणाले!

मोतीरामनं कापडासोबत एक छोटा भोंगाही बसवून दिला. छत उघडलं की आपोआप सनई वाजणार. "हे जोडीनंच येते," म्हणे.

शुक्रवारी भर दुपारी आम्ही हिवरखेडला पोचलो. ऊन असं की सावलीलाही चटके बसावेत. पंजाबरावांच्या घरासमोर मोकळं पटांगण होतं. मास्तर जीपमध्येच बसून राहिले. दार वाजवायचा धीर होईना. 'विमल, माझं चुकलं' एवढंच वाक्य ते पुन्हा पुन्हा पुटपुटत होते आणि दर वेळी 'विमल' च्या पुढे अडकत होते. शेवटी जरा सावलीत बसून पाठ करावं, म्हणून खाली उतरले आणि त्यांनी माझं बटण दाबलं.

सनई सुरू झाली. लाल-पिवळा मांडव पसरला. 'शुभविवाह' उन्हात लखलखलं.

पाच मिनिटांत पहिली माणसं आली. "कोनाचं लगन हाय?" "काय मालूम. पन मांडव पडला, म्हनजे कोनाचं तरी असनच." दहा मिनिटांत खुर्च्या आल्या. पाण्याचे जार आले. कोणीतरी परस्पर वांगी चिरायला घेतली. पत्रिका मिळाली नाही म्हणून दोन घरं रुसली आणि रुसूनच येऊन बसली. अहो, असं नसतं ते, असं मी मनात शंभरदा म्हणालो, पण सनईत मला कोण ऐकतंय!

एका म्हाताऱ्यानं मास्तरांना गाठलं. "तुमी कोनाकडले? नवऱ्याकडले का नवरीकडले?"

मास्तर गोंधळले. "मी... कोणाकडचा नाही हो. मी नवराच आहे. बायकोला न्यायला आलोय."

म्हाताऱ्यानं मास्तरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि वळून ओरडला, "अरे, नवरदेव सापडला!"

मग काय विचारता! मास्तर 'अहो, तो नवरा नाही, हा नवरा' असं काहीबाही बोलत राहिले, तोवर त्यांच्या गळ्यात उपरणं पडलं, कपाळाला बाशिंग बांधलं गेलं आणि त्यांना पाटावर बसवलं. बायका आपसात म्हणत होत्या, "या वयात? असू दे बाई, एकट्याचे हाल होतेत."

आणि तेवढ्यात गर्दीतून पंजाबराव आले. दारासमोर लग्न म्हटल्यावर आहेर तर करायलाच हवा. त्यांच्या मागे, हातात ब्लाउजपीस आणि हळदीकुंकवाची कुयरी घेऊन, विमलकाकू.

"भाऊजी?" पंजाबरावांनी बाशिंगाखाली वाकून पाहिलं. "तुमचं लगन?"

काकूंनी बाशिंग पाहिलं. वरची अक्षरं पाहिली. ब्लाउजपीस त्यांच्या हातातून खाली पडला. त्यांचा चेहरा पाहून माझे सरळ झालेले हात पुन्हा वाकतात की काय असं मला झालं.

"विमल, तू समजतेस तसं नाही!" मास्तर पाटावरून धडपडत उठले.

"मंग नवरी कोन हाय?" कोणीतरी म्हातारी खणखणीत ओरडली.

मास्तरांनी काकूंकडे हात केला. "ही. हीच. दुसरी कोण असणार?"

सनईसुद्धा नेमकी त्याच वेळी संपली. आणि मग बायकांनी एकच गिल्ला केला. "नाव घ्या! नवऱ्याचं नाव घ्या!"

आता पाहा हं. आमच्याकडे बाई नवऱ्याशी महिनाभर अबोला धरू शकते. पण मांडवात चार बायांनी 'नाव घ्या' म्हटलं तर तिला गप्प राहता येत नाही. काकूंनी पदर डोक्यावर सारखा केला, मास्तरांवर नजर रोखली आणि उखाणा घेतला,

"छत मोडलं वांदराइनं, बोल लागला कुरडयाइले,
उद्धवरावांचं नाव घेतो, माफी मागा म्हना त्याइले!"

पटांगण हसून लोटपोट झालं. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी बाशिंग वर सारलं, आणि इतके दिवस अडकलेलं वाक्य सगळ्या हिवरखेडसमोर बाहेर पडलं.

"चुकलं माझं, विमल. साफ चुकलं. मोठा निघालो होतो जग दाखवायला. तू गेल्यापासून मला घरात चहाचा डबा सापडला नाही, समुद्र काय सापडणार?" "एकवीस दिवस चहा प्यायलो नाही मी."

काकू हळूच म्हणाल्या, "साखरेच्या मागं हाय."

बस, एवढंच. पण मास्तर तिथेच रडले, आणि मी डब्बा असूनही माझ्या नळातून दोन थेंब गळले. गळका नळ म्हणून मोतीरामला दोष देऊ नका.

पंगत उठली. आहेरात सात ब्लाउजपीस, तीन स्टीलची ताटं आणि एक टेबलफॅन आला. रविवारी सहदेवचा फोन आला, तेव्हा काकूंनीच उचलला. "डब्बा इकाचा नाही," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

आज मी बंगालच्या उपसागराच्या काठावर उभा आहे. वाटेत जिथे जिथे सावलीसाठी छत उघडलं तिथे तिथे सनई वाजली, आणि मास्तर-काकूंचं लग्न आणखी तीनदा लागलं. रुक्मिणीच्या माहेरी, कौंडण्यपूरला तर वर्धा नदीच्या काठी माणसांनी त्यांना ओवाळूनच सोडलं. इथे 'शुभविवाह' कोणाला वाचता येत नाही, तरी सकाळपासून दोन माणसं नारळ देऊन गेली.

काकूंनी समुद्राकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "ऊन चांगलं हाय इथं." भावाकडचा गहू तीन दिवसांपासून माझ्या पोटात बादलीत भिजत होता. त्याचा आंबूस वास मी महाराष्ट्र ओलांडून इथवर सोसला आहे. आणि आज सकाळी काकूंनी चीक शिजवल्यावर शिडी कोणी लावली माहीत आहे? मास्तरांनी. लुगडं त्यांनी अंथरलं. सोऱ्या त्यांनी फिरवला. वाकड्यातिकड्या का होईना, पहिल्या पाच कुरडया मास्तरांच्या हातच्या आहेत.

"इथं वांदरं नसतील ना?" काकूंनी खालून विचारलं.

मास्तरांनी नारळाच्या झाडांकडे पाहिलं. मीही पाहिलं. भूगोल त्यांचा पक्का, पण मोजून राहिलो मी. दहा आहेत.

"असली तर असू दे," मास्तर म्हणाले. "छत काय, परत शिवता येतं."

ऐकलंत? छत काय, म्हणे! वाचकहो, तुमच्यापैकी कोणी अकोल्याला जाणार असाल तर मोतीरामला एवढं सांगून ठेवा की रसवंती चालू ठेव. पण खरं सांगू? मास्तरांच्या तोंडचं हे वाक्य ऐकायला मिळालं, त्यासाठी मी अकरावंही सोसीन.