तीन नंबरचं पाणी

सात महिन्यांची बाळंतपणाची रजा संपवून ती खाडीकाठच्या केंद्रावर परतली, तेव्हा खाडी ठणठणीत बरी झाली होती. निदान भिंतीवरच्या तक्त्यात तरी. ती गेली तेव्हा पाण्यातल्या ऑक्सिजनची रेघ तळाशी लोळत होती, आता ती वर चढून ऐटीत बसली होती. चाचणीच्या जाळ्यात सापडणाऱ्या माशांच्या जाती अकराच्या एकोणीस झाल्या होत्या.

“बघा,” केंद्राचे प्रमुख खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “बाळंतीण तुम्ही झालात आणि बाळसं खाडीने धरलं.”

सगळे हसले. तीही हसली. पहिल्याच दिवशी तोंड वाकडं कशाला करायचं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि धक्क्याला बांधलेली नाव. दर महिन्याला खाडीतल्या पाच ठरलेल्या ठिकाणी जायचं, पाणी मोजायचं, जाळं ओढायचं, सापडलेला एकेक मासा मोजून मापून परत सोडायचा आणि सगळं वहीत लिहायचं. चार वर्षांपूर्वी ही घडी तिनेच बसवली होती. त्यातलं तीन नंबरचं ठिकाण म्हणजे तिचा जीव. वरच्या अंगाला असलेल्या कातड्याच्या कारखान्याचा नाला तिथेच खाडीला मिळतो, आणि तिथेच खारफुटीच्या मुळांत माशांची पिल्लं वाढतात. तिच्या शब्दाखातर काठावरच्या लोकांनी तीन वर्षं तिथे जाळं टाकलं नव्हतं.

“शुक्रवारी बैठक आहे,” प्रमुखांनी बारा पानी अहवाल तिच्यापुढे सरकवला. “कारखान्याला दुप्पट पाणी सोडायचंय. आपला अहवाल वाचून मच्छीमारांच्या समितीने संमती दिली की परवानगी मिळाली. पहिलं नाव तुमचंच घातलंय हं. पद्धत तुमची, मान तुमचा.”

तो मान तिला अर्धा तास पुरला.

दुपारी ती कोठारात कडी लावून बसली. फॉर्मालिनच्या बरण्या, वाळत टाकलेली जाळी, कोपऱ्यात नमुन्यांचा फ्रिज. दूध काढायला केंद्रात दुसरी जागा नव्हती. एका हाताने पंप दाबत, दुसऱ्या हाताने तिने मांडीवरची वही उलटायला सुरुवात केली. रिकामं बसायची सवय नव्हती, आणि रिकामं बसलं की मुलीच्या श्वासाचा विचार येई. रात्री तीनदा उठून ती तिच्या नाकाशी बोट धरायची. नवरा म्हणायचा, “अगं, पोरगी आहे, मीटर नाही.”

पान सात. ठिकाण तीन. खारेपणा एकतीस.

तिचा हात थांबला. मग पुढचा महिना. बत्तीस. त्याच्या पुढचा, एकतीस. तीन नंबरला खारेपणा बारा असतो, फार तर चौदा. एकतीस म्हणजे समुद्र. वेळेचा रकाना बघायला गेली तर सातही महिने कोरा.

तिने अहवाल उघडला. त्यातल्या तक्त्यात खारेपणाचा रकानाच नव्हता.

आधी तिने स्वतःलाच दटावलं. झोप नाही, डोळे चुरचुरतायत, दिसतं ते खरं कशावरून. बाटलीला झाकण लावून तिने वर तारीख आणि वेळ लिहिली, फ्रिजमध्ये ठेवली, आणि सरळ धक्क्यावर गेली. नाववाले काका इंजिन पुसत होते.

“काका, तीन नंबरला कधी जात होतात हो तुम्ही? ओहोटीला ना?”

“ओहोटीला कुठलं, ताई. भर भरतीला. काय झक्कास काम होतं म्हणून सांगू. नाव तळाला घासत नाही, इस्त्रीसाहेबांच्या बुटाला चिखल लागत नाही, दीड तासात पाचही ठिकाणं खलास. तुमच्या वेळी आमची संध्याकाळ व्हायची.”

इस्त्री म्हणजे तिच्या जागी काम बघणारा सहकारी. चिखलातल्या नोकरीतही त्याच्या पँटची घडी कधी मोडली नव्हती, म्हणून सगळ्या धक्क्यावर त्याचं तेच नाव पडलं होतं.

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“मी काय बोलणार? तुम्ही शिकलेली माणसं. मला वाटलं, जाताना तुम्हीच सांगून गेलात.” काकांनी फडकं खांद्यावर टाकलं. “का? पाणी ते पाणीच ना?”

पाणी ते पाणीच नव्हतं. ओहोटी संपत येते तेव्हा समुद्र मागे हटलेला असतो, मागे उरतं ते नदीचं आणि नाल्याचं पाणी. पिल्लांना जगायचं असतं ते त्या पाण्यात. म्हणून तर शेवटच्या तासाला गुडघाभर चिखल तुडवत जायचं, हा नियम तिने घातला होता. भरतीला समुद्र आत येतो, सगळं धुऊन काढतो आणि येताना आपले मासेही घेऊन येतो. या लोकांनी सात महिने समुद्र मोजला होता आणि खाडी सुधारली म्हणून लिहिलं होतं. लग्नघरातले पाहुणे मोजून घरची माणसं वाढली म्हणण्यातली गत.

बुधवारी ओहोटी दुपारी होती. ती काकांना घेऊन गेली. सकाळी मीटर दोनदा तपासला, मग चिखलात उतरली. तीन नंबरला ऑक्सिजन निघाला एक पूर्णांक चार. चाराच्या खाली गेला की मासे तडफडू लागतात. जाळ्यात तीन खेकडे आले आणि एक चप्पल.

“हिची जात कुठली लिहू, ताई?” काकांनी चप्पल उचलून विचारलं. मग तिचा चेहरा बघून ती नावेत टाकून दिली.

प्रमुखांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, त्यानेच ती जास्त घाबरली.

“एका दिवसाचा आकडा,” ते शेवटी म्हणाले. “सात महिन्यांपुढे एक दिवस.”

“सर, सातही महिन्यांचे आकडे समुद्राचे आहेत. खारेपणा बघा ना. तो रकाना अहवालातून काढला कोणी?”

“पानाच्या रुंदीत बसत नव्हता.”

“सर, तळटिपेत केंद्राचा फोन नंबर दोनदा छापलाय.”

पलीकडे इस्त्री खाकरला. “मॅडम, उगाच राईचा पर्वत नको. वेळ थोडी इकडेतिकडे झाली, एवढंच.”

“माझ्या मुलीच्या दुधाच्या बाटलीवर वेळ लिहिलेली असते,” ती म्हणाली. “त्याच फ्रिजमध्ये ठेवलीय, जाऊन बघा. तुमच्या पस्तीस नमुन्यांतल्या एकावर तरी आहे का?”

प्रमुखांनी आवाज मऊ केला. असा मऊ आवाज तिने दवाखान्यातही ऐकला होता, बायकांचं म्हणणं खोडून काढायचं असलं की काढतात तो.

“हे बघा, या दिवसांत जीव धास्तावतो. माझ्या सुनेलाही तसंच झालं होतं, सगळीकडे जंतू दिसायचे. तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. मुलगी लहान आहे. मी वाईट वाटून घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.”

घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते. तिने घाबरायचं ते मुलीच्या श्वासाला, आणि यांनी ती भीती उचलून खाडीच्या पाण्यावर झाकण म्हणून ठेवायची? ती धास्तावलेली होती, होय. म्हणूनच तिने पान सात नीट वाचलं होतं. धास्ती नसलेल्या सगळ्यांनी ते उलटून टाकलं होतं.

सासूबाई मुलीला खांद्यावर थोपटत होत्या. “नोकरी जाईल का गं?” त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं.

“जाईल बहुतेक, आई.”

“मग नीट बोलून जाऊ दे. पुटपुटू नकोस. तू चिडलीस की पुटपुटतेस.”

शुक्रवारी बैठकीच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. पुढच्या बाकावर आत्या. चिखलातून शिंपल्या काढणाऱ्या बायकांची ही म्होरकी, सगळ्या काठाची आत्या, आणि समितीची सही तिच्या हातात. प्रमुखांनी अहवाल वाचला. ऑक्सिजन वाढला, जाती वाढल्या, खाडी सावरली. कारखान्याच्या माणसाने मान डोलावली. कागद सहीसाठी आत्यापुढे गेला.

“पहिलं नाव पाणीवाल्या ताईंचं आहे,” आत्याने चष्मा लावून म्हटलं. “मग ठीकच असणार. आण पेन.”

हेच तर. तिच्या नावावर सही होणार होती.

ती उभी राहिली. “आत्या, थांबा. हे पाणी भरतीला काढलंय.”

हॉलमध्ये कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. पन्नास माणसांपैकी पन्नासांना भरती म्हणजे काय ते कळत होतं. मागून कोणीतरी बारीक शीळ घातली.

“सातही महिने?” आत्याने विचारलं.

“सातही. बुधवारी ओहोटीला मी काढलं, तर तीन नंबरला पिल्लू जगणार नाही असं पाणी निघालं. तुम्ही तीन वर्षं तिथे जाळं टाकलं नाहीत ते माझ्या सांगण्यावरून. म्हणून हेही मीच सांगतेय. माझं नाव आहे, पण हा अहवाल माझा नाही.”

“आमच्या मॅडम नुकत्याच आई झाल्यात,” प्रमुख हसून सभेकडे वळले. “जरा हळव्या झाल्यात इतकंच, त्यांचं—”

“पाच पोरं काढली मी,” आत्या म्हणाली. “डोकं काही बाळंतपणात गेलं नाही माझं. तुम्ही सांगा साहेब, ओहोटीला गेला होतात का?”

“काटेकोरपणे बोलायचं तर, नमुन्याची वेळ ही—”

“गेला होतात का?”

ते गेले नव्हते. आत्याने पेनाचं टोपण लावलं आणि कागद परत सरकवला. कारखान्याचा माणूस फोन कानाला लावून बाहेर गेला. ठरलं ते असं: पुढच्या ओहोटीला समितीची दोन माणसं बरोबर घेऊन पाणी पुन्हा मोजायचं, आणि मोजायला स्वतः प्रमुखांनी यायचं. तिच्या कराराचा शब्दही निघाला नाही, आणि तो निघाला नाही यातच काय ते आलं.

नाव तीन नंबरच्या अलीकडे चिखलात रुतली, तशी ती ओहोटीला रुततेच. आत्या पदर खोचून कधीच उतरली होती. प्रमुख कोऱ्या करकरीत बुटांत नावेच्या काठावर बसून राहिले, मग उतरले, आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत गेले. कोणी हसलं नाही. तिला वाटलं होतं, आपल्याला हसू येईल. आला तो रागच. चार वर्षांत हा माणूस इथे पहिल्यांदा उभा होता.

मीटरची तार पाण्यात सोडून ती बाजूला झाली. आकडा हलत हलत स्थिर झाला. त्यांनाच वाचायला लावला.

“एक पूर्णांक... सहा.” त्यांनी घसा साफ केला. “मीटर एकदा तपासून घ्यायला हवा.”

“तपासलाय. सकाळी, दोनदा. इस्त्रीसाहेबांच्या समोर.”

“वाऱ्यानेही फरक—”

“लिहा, सर.” तिने वही आणि पेन पुढे धरलं. त्यांच्या हाताला चिखल होता, तिच्याही. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग पेन घेतलं आणि आकडा लिहून वही मिटायला लागले.

तिने पानावर बोट ठेवलं.

“वेळ राहिली, सर. आणि खारेपणाही लिहा. बसतो तो रकाना पानात.”