मला पाण्यात पाहा

मी एक जुनी बाटली आहे, मित्रांनो. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फळीवर डावीकडून पहिली. भट्टीत फुंकर मारून मला फुगवलं, तेव्हापासून मी जरा फुगलेलीच आहे. माझ्या पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल. चिठ्ठीवर आधी 'विरल' असंही लिहिलेलं होतं, म्हणजे भरपूर पाणी घातलेलं. विज्ञानाच्या बाई मला उंच धरून मुलांना सांगायच्या, "हिच्यासारखं लख्ख राहा!" पुढे मुलं बूच कुठेही टाकून जाऊ लागली. ओघळांनी 'विरल' खाऊन टाकलं आणि माझ्यातलं पाणी सगळे विसरले.

खरं तर सगळी करामत त्या पाण्याचीच. हायड्रोजन आणि क्लोरीन म्हणजे एकमेकांना घट्ट धरून बसलेलं जोडपं. पाण्याने मध्ये पडून त्यांच्या चुली वेगळ्या केल्या. म्हणून समीकरणात दोन्ही आयनांपुढे कंसात 'एक्यू' लिहायचं, म्हणजे पाण्यात विरघळलेला. 'एल' म्हणजे नुसता द्रव.

बाईंची भाची दर वेळी 'एल' लिहायची.

"पण आत्या, वाहतंय की ते!"

"इथे बाई म्हण. आणि वाहतं तर नाकही. त्याच्यापुढे काय लिहिशील?"

नापास झाली तर तिला धाकट्या भावाच्या वर्गात बसावं लागणार होतं. म्हणून पोरीने घोकघोक घोकलं. प्रात्यक्षिक परीक्षेत दोन्ही आयनांपुढे चक्क 'एक्यू' लिहिलं. मी म्हटलं, सुटली!

तेवढ्यात परीक्षकांनी मला उचलून हलवलं. "नक्की?"

स्थिर राहायचा मी आटोकाट प्रयत्न केला. पण हात परका आणि पोट पातळ, डुचमळलेच. तिने माझ्याकडे पाहिलं, लिहिलेलं खोडलं आणि 'एल' केलं. ओरडायला मला तोंड होतं, मित्रांनो, पण त्यात नेमकं त्या दिवशी बूच होतं.

काठावरची पोर तेवढ्यावर आत पडली. आता ती भावाशेजारी बसते. काल माझ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ताई, अवस्था काय लिहू?"

"हिची का माझी?"

मग तिने फडक्याने माझी चिठ्ठी पुसून पाहिली. 'विरल' काही परत आलं नाही.

"एक्यू लिही," ती म्हणाली. "आणि कुणी बाटली हलवली, तर डोळे मीट."

मित्रांनो, बूच जागेवर लावा, ओघळ पुसा, चिठ्ठी जपा. एकमेकांना पाण्यात पाहू नये म्हणतात, ते ठीकच आहे. मला मात्र जरूर पाण्यात पाहा.