माझ्या खुंट्यांना हात लावू नका

मित्रांनो, मी एक जुना बॅन्जो आहे, आणि आज माझ्या पाचही तारा चुकीच्या सुरात लागलेल्या आहेत. केंटकीच्या डोंगरातल्या एका लाकडी घरात, चुलीपासून दूरच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. पाहुणे म्हणतात, "किती छान जपलाय!" मी ऐकून घेतो. जपणे म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळले.

मला लेवाय ग्रंडीने बनवले. तो रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या टोळीत होता. त्या टोळीतले सगळे लोक काळ्या वर्णाचे होते. एक जण ओळ गायचा, बाकीचे प्रतिसाद द्यायचे आणि त्या ठेक्यावर जडशीळ रूळ उचलला जायचा. दुपारच्या सुट्टीत लेवायने माझा दांडा अक्रोडाच्या लाकडातून कोरला. ओकची पातळ फळी वाफेवर वाकवून कडे केले. चामडे मात्र एका लठ्ठ ग्राउंडहॉगचे. हा प्राणी शेजारच्या कॉडिल कुटुंबाच्या शेतात बिळे करून त्यांचा घेवडा फस्त करायचा. त्याचे कातडे शेवटी माझ्या तोंडावर ताणले गेले. माझ्या दांड्यावर पडदे नाहीत. चार लांब तारा, आणि पाचवी आखूड, अंगठ्याने छेडायची.

"माझ्या आज्याचा बॅन्जो भोपळ्याचा होता," लेवाय सांगायचा. "अन् त्याच्या आज्यानं तसलाच आफ्रिकेत वाजवला होता. त्याला इथं आणलं तेव्हा त्याच्या हातात बेड्या होत्या. बॅन्जो त्यानं डोक्यात आणला."

हे ऐकायला कुंपणावर रोज एक मुलगी येऊन बसायची. ती नऊ वर्षांची झिल्फा कॉडिल. तिच्या वडिलांना लेवायचे वाजवणे आवडे, पण त्याला ते घरात बोलवत नसत. मक्याची भाकरी आणि घेवडा पायरीवरच मिळे. हे सांगताना मला वाईट वाटते, पण सांगितले पाहिजे. पुढे याच डोंगरातले लोक मला "आमचं वाद्य" म्हणू लागले आणि पायरीवर बसलेल्या माणसाला विसरून गेले.

एके दिवशी रूळ निसटला. लेवायच्या डाव्या हाताची तीन बोटे त्याखाली चिरडली. हात बांधून तो पंधरा दिवस पायरीवर बसून राहिला, आणि त्या पंधरा दिवसांत त्याने झिल्फाला शिकवले. नखाच्या पाठीने तार खाली मारायची, अंगठा आखूड तारेवर ठेवायचा.

"नाचाच्या धुनीला तारा अशा लाव. समुद्रापलीकडच्या लांबलचक गोष्टीच्या गाण्यांना अशा. प्रत्येक गाण्याचं घर वेगळं असतं, पोरी. भलत्याच दारात उभी राहिलीस तर कुणी दार उघडत नाही."

शेवटच्या दिवशी त्याने माझ्या तारा अगदी निराळ्याच सुरांत लावायला लावल्या. तो एकेक सूर गुणगुणे आणि ती खुंटी पिळे. त्या जुळणीत मला नुसते छेडले तरी बाजूचे कुत्रे उठून बसले. ती धून बिनशब्दांची होती.

"ज्यांच्या थडग्यावर दगड ठेवायची परवानगी नव्हती, त्या आमच्या माणसांसाठी ही वाजायची," लेवाय म्हणाला. "नाचात वाजवायची नाही. पोटासाठी वाजवायची नाही. माणूस मातीत जाईल तेव्हाच."

"मग मी सराव कधी करू?"

"मनात कर."

मला तिच्या मांडीवर ठेवून तो टोळीबरोबर निघून गेला. पुन्हा आला नाही. त्याच्या थडग्यावर कुणी काय वाजवले, मला माहीत नाही.

मित्रांनो, पुढची साठ-पासष्ट वर्षे मी झिल्फाबरोबर काढली. मक्याची कणसे सोलायला शेजारी जमले की माझ्यावर नाचाच्या धुनी वाजायच्या. बायका गोधड्या शिवत असल्या की झिल्फा सरदाराच्या प्रेमापायी नदीत बुडून मेलेल्या मुलीचे चाळीस कडव्यांचे गाणे म्हणे आणि सुया थांबत. चर्चमध्ये एक जण स्तोत्राची ओळ सांगे आणि सगळे ती लांबवून गात. तिथे मात्र मला मज्जाव होता. पाद्री मला "सैतानाचं डबडं" म्हणत. झिल्फाची आई रविवारी मला पिठाच्या पिंपामागे लपवायची. "ते डबडं दिसलं ना, तर पाद्रीबाबा जेवायलाच बसायचे नाहीत," ती म्हणे. "अन् मग कोंबडी उगाच मेली."

पुढे खाणी आल्या. खाणकामगार संपावर गेले तेव्हा त्यांच्या बायका रस्त्यावर बसल्या. जुन्या स्तोत्रांच्या चालीवर त्यांनी भाकरीची आणि न्यायाची गाणी रचली, आणि मी त्यांना साथ केली. मग एका वर्षी खाणीत स्फोट झाला. लेवायची धून झिल्फाने एका आठवड्यात अकरा वेळा वाजवली. अकराव्या वेळी तिच्या नखातून माझ्या चामड्यावर रक्त पडले. तो डाग अजून आहे.

एकदा कॉलेजातून एक बाई टेप घेऊन आल्या. दोन दिवस अंगणात बसून त्यांनी झिल्फाची पंचेचाळीस गाणी भरून घेतली. जाताना म्हणाल्या, "आजी, दफनाची एक धून आहे म्हणतात. तेवढी वाजवा ना."

"का हो?" झिल्फा म्हणाली. "कोण मेलंय आज?"

बाई हसल्या आणि टेप बंद केला.

झिल्फाचा नवरा गेला तेव्हा तिची नात व्हर्ना सहा वर्षांची होती. थडग्यापाशी उभी राहून तिने ती धून ऐकली. तेव्हापासून ती मागे लागली होती. "आजी, मला शिकव." आजीचे उत्तर ठरलेले, "त्याची वेळ आली की शिकशील." व्हर्ना आईवडिलांबरोबर ओहायोला गेली, तिथे परिचारिका झाली. डोंगरातली निम्मी घरे अशीच रिकामी झाली. झिल्फाचा मुलगा हर्शल तेवढा जवळ राहिला. तोही बॅन्जो वाजवायचा, पण रेडिओवर ऐकलेला, तीन बोटांत नख्या घालून भरभर वाजवायचा. त्याचा बॅन्जो पितळी कड्यांचा, चकचकीत. त्याला एकच जुळणी माहीत होती, दुसरी कुठलीही त्याच्या कानाला बेसूरच वाटे.

एका वसंतात झिल्फाने मला खाली घेतले. तिची बोटे सुजली होती. तिने एकेक खुंटी पिळून माझ्या तारा त्या धुनीच्या सुरांत लावल्या. कुणी मेले नव्हते, तरीही. त्या दिवशी तिने व्हर्नाला पत्र लिहिले, मोठ्याने म्हणत म्हणत. "तारा लावून ठेवल्यात. अर्धी धून त्यांच्यात आहे. ऑगस्टात ये, उरलेली दाखवते. लेवायची आज्ञा मोडते आहे, देव बघून घेईल."

हर्शलने जाता जाता मला छेडून पाहिले. "आई, हा पार बेसूर झालाय गं."

"बेसूर तुझं डोकं! खुंट्यांना हात लावू नकोस."

हे वाक्य हर्शल लहानपणापासून ऐकत आला होता. रोजच्या बोलण्यासारखे त्याने ते सोडून दिले.

जूनमध्ये झिल्फाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ती पडल्या पडल्या डाव्या हाताने भिंतीकडे, माझ्याकडे, बोट दाखवत राहायची. हर्शल समोर बसून समजून घ्यायचा प्रयत्न करी. तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. आईवर त्याचा फार जीव होता.

जुलैअखेर एका सकाळी त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "कळलं, आई! व्हर्ना यायच्या आत हा नीट करायचाय, हो ना?"

त्याने मला खाली घेतले. जुन्या तारा कापल्या. मला पुसले, तेल लावले, नव्या कोऱ्या तारा चढवल्या आणि रेडिओवरच्या सुरांत चोख लावल्या. झिल्फा बघत होती. तिचा डावा हात दोनदा वर आला आणि खाली पडला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"बघ," हर्शल बायकोला म्हणाला, "आई किती खूश झाली."

तीन दिवसांनी ती गेली.

व्हर्ना दफनाला आली. थडग्याकाठी तिने मला हातात घेतले, छेडले आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा, आजीनं ठेवला होता तसाच आहे ना हा?"

"छे गं! पार बेसूर होता. मी नीट केला."

तिने पर्समधून पत्र काढून त्याच्या हातात दिले. हर्शलने ते वाचले, पुन्हा वाचले. मग टोपी काढून तो थडग्याच्या कडेला खाली बसला.

"सूर कसे होते, मामा? आठव ना. एक तरी."

"बेसूर होते गं, पोरी," तो रडत म्हणाला. "बेसूर माणूस कसं आठवणार?"

त्या डोंगरात एवढ्या लोकांना ज्या धुनीने मातीत पोचवले, ती झिल्फाच्या थडग्यावर वाजली नाही.

आता व्हर्ना डोंगरातच राहते. दर रविवारी दुपारी ती मला मांडीवर घेते, डोळे मिटते आणि खुंट्या पिळत ती धून ऐकलेल्या, आपल्यातल्या सहा वर्षांच्या त्या मुलीला शोधते. पुष्कळदा हर्शल दारात येऊन उभा राहतो, पण आत येत नाही. गेल्या शरदात एकदा माझ्या पाचही तारा बरोबर जागी आल्या. मित्रांनो, अगदी बरोबर! तिने छेडले. मान तिरकी केली. मला वाटले, आता. मग तिने सुस्कारा सोडला आणि दुसरी तार आणखी थोडी वर चढवली.

मी तिच्याशी बोलू शकत नाही. मला कुणीतरी छेडावे लागते.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या घरातही कुणालातरी एखादे गाणे येत असेल. जात्यावरचे, पाळण्याचे, कुणाला पोचवतानाचे. ते आजच मागा. "वेळ आली की शिकशील" असे कुणी म्हणाले तर त्यांच्या पायाशी बसून राहा, उठू नका. आणि जुनी वस्तू तुम्हाला बिघडलेली वाटली तर दुरुस्त करण्याआधी विचारा, ती अशी का आहे. माया पुष्कळांना असते. हर्शललाही होती.

परवा पुन्हा रविवार आहे. व्हर्ना मला भिंतीवरून काढील. खुंटी पिळली जाईल, तार हळूहळू वर चढेल, आणि मी नेहमीसारखा आतल्या आत म्हणत राहीन, थांब. पोरी, इथेच थांब.